नक्षीदार सेरिफ अक्षर कुठे आणि कसे वापरावे: सांगलीच्या छापकामासाठी सविस्तर मार्गदर्शन

सांगलीच्या गणपती पेठेतील दुकानांच्या पाट्या ओळीने वाचत गेल्यास इंग्रजी नावांसाठी एक फाँट वारंवार दिसतो. जाड रोमन अक्षरे, टोकांना वळणदार सेरिफ आणि कडेने बारीक पांढरी फट सोडून काढलेली सावली असे त्याचे रूप असते. हा अल्जेरियन होय. इंग्लंडमधील शेफिल्डच्या स्टीफन्सन ब्लेक या टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, तो १९०८ च्या सुमारास काढला आणि पुढे मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर तो घरोघरच्या संगणकांत आला. कापड दुकान, ज्वेलर्स, मंगल कार्यालय, कोचिंग क्लास अशा सर्वांनी तो उचलला, कारण तो फुकट हाताशी होता आणि 'भारदस्त' दिसत होता. त्यात वाईट काही नाही. पण अक्षराचा भारदस्तपणा कोठे उपयोगी पडतो आणि कोठे वाचणाऱ्याच्या आड येतो, हे ठरवण्याची काही रीत असावी. हा लेख त्या रीतीविषयी आहे. तो छापखान्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करणाऱ्यांसाठी आहे, तसाच स्वतःच्या मालाचे वेष्टन स्वतः ठरवू पाहणाऱ्या लहान उद्योजकांसाठीही आहे.

हे अक्षर कशासाठी जन्मले

रोमन अक्षराच्या रेषेच्या टोकाला जी छोटी आडवी पट्टी किंवा टोकदार फुगवटा असतो, त्याला सेरिफ म्हणतात. पुस्तकाच्या मजकुरातील सेरिफ अक्षर शांत असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे दिदो घराणे आणि पार्मा येथील जांबात्तिस्ता बोदोनी यांनी जाड रेषा अधिक जाड आणि बारीक रेषा केसासारखी बारीक केली. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिराती भिंतींवर एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या, तेव्हा याच अक्षराच्या उभ्या रेषा फुगवून 'फॅट फेस' तयार झाला. त्याचे श्रेय बहुधा रॉबर्ट थॉर्न यांना दिले जाते. १८२७ च्या सुमारास अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी लाकडी टाइप यंत्राने कापण्यास आरंभ केल्यावर अक्षरांचा आकार हातभर झाला आणि सेरिफला दोन फाटे, मधे गाठी, आत नक्षी असे प्रकार निघाले. १९२२ मधील कूपर ब्लॅक हे गोल सेरिफांचे अक्षरही याच जाहिरातींच्या परंपरेतले आहे.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. हे अक्षर दोन-चार शब्द लांबून दाखवण्यासाठी घडले. चार ओळी जवळून वाचून घेणे हे त्याचे काम कधीच नव्हते. त्याच्याकडून परिच्छेद वाचून घेऊ पाहिला, की जाड-बारीक रेषांचा झगमगाट डोळ्यांना शिणवतो आणि ग्राहक दुसरीकडे पाहू लागतो.

देवनागरीला रोमनच्या अर्थाने सेरिफ नाही. आपल्या अक्षराची जाडी-बारीकी बोरूच्या छाटातून आली, आणि तो छाट रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असल्यामुळे रोमन अक्षरात जेथे रेषा बारीक होते, तेथे देवनागरीत ती अनेकदा जाड होते. त्यामुळे 'सेरिफसारखी देवनागरी' मागणाऱ्या ग्राहकाला प्रत्यक्षात तीव्र जाड-बारीक फरक, टोकांना छाट आणि ठसठशीत शिरोरेषा असलेले अक्षर हवे असते, एवढे समजून घेतले तरी अर्धे काम होते. या बाबतीत आपला जिल्हा अनोळखी नाही. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. पुढे 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके महाराष्ट्रभर पोहोचली. मासिकाचे नाव एका वळणात आणि आतील मजकूर साध्या खिळ्यात, ही विभागणी त्या पिढीच्या वाचकांच्या अंगवळणी पडली होती, आणि पाहायला गेले तर तीच आजही पुरेशी आहे.

पहिली पायरी: आधी शब्द ठरवावेत

बहुतेक लोक फाँटच्या यादीतून खाली सरकत जातात आणि यादीत दिसणाऱ्या नमुन्यावर भाळतात. त्या नमुन्यात जी अक्षरे असतात, ती आपल्या नावात नसतात. म्हणून प्रथम कागदावर लिहावे की नक्षीदार अक्षरात नेमके काय जाणार आहे. उदाहरण म्हणून राजापुरी हळदीचे दोनशे ग्रॅमचे खोके घेऊ. त्यावर मालाचे नाव, उत्पादकाचे नाव, वजन, किंमत, घटक, परवाना क्रमांक, तारीख आणि पत्ता एवढे असते. यांपैकी नक्षीदार अक्षरात फक्त 'राजापुरी हळद' जावे. उत्पादकाचे नाव त्याच अक्षरात घालण्याचा मोह होतो, परंतु मग दोन नावे एकमेकांशी भांडतात. मी तीन शब्दांची मर्यादा मानतो. चौथा शब्द आला की नाव छोटे करण्याविषयी ग्राहकाशी बोलावे, फाँट बदलण्याविषयी नंतर.

दुसरी पायरी: तेच शब्द घालून फाँट पारखावा

आता निवडलेले शब्द प्रत्येक फाँटमध्ये टाकून पाहावेत. रोमनसाठी हे काम सोपे आहे, देवनागरीसाठी ते चिकाटीचे आहे, आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात.

सर्वप्रथम ऱ्य आणि ऱ्ह पाहावेत. 'साताऱ्याचे कंदी पेढे' आणि 'कऱ्हाड' हे दोन नमुने या भागातील प्रत्येक छापखान्याने भिंतीवर लावून ठेवावेत, कारण अनेक सजावटी फाँट बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हिंदी असते आणि हा आडवा रकार त्यांच्या फाँटमध्ये नसतोच. मग 'साताऱ्याचे' ऐवजी 'सातार्याचे' उमटते, डोक्यावर रफार चढतो, आणि पेढ्याच्या खोक्यावर ही चूक हजारोंच्या संख्येने छापली जाते. लग्नपत्रिकेत 'वऱ्हाडी' शब्दाची हीच गत होते.

त्यानंतर ल आणि श. मराठीतील पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे आणि महाराष्ट्र शासनाने २००९ मधील वर्णमालेविषयीच्या निर्णयात तेच प्रमाण मानले आहे. पुष्कळ युनिकोड फाँटमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच ओळखली जाणारी अक्षरे असलेल्या फाँटमध्ये, दोन्ही वळणे असतात, पण मराठी वळण मिळण्यासाठी मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडावी लागते. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही भाषा निवडण्याची सोय कॅरेक्टर पॅनेलमध्ये असते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 'सांगली' या नावातच ल असल्यामुळे आपल्याला ही तपासणी टाळता येत नाही.

नंतर जोडाक्षरे. 'शुद्ध' या शब्दात द्ध एकत्र जुळतो की द पाय मोडून वेगळा पडतो? 'विट्याचे' मधला ट्य नीट बसतो का? 'श्री' चे वळण बाकी अक्षरांच्या घराण्यातले वाटते का? 'मिरज' मधील पहिली वेलांटी म च्या काठीपर्यंत पोहोचते का, की मध्येच अधांतरी राहते? चांगल्या फाँटमध्ये वेलांटीच्या निरनिराळ्या रुंदी असतात; घाईने केलेल्या फाँटमध्ये एकच वेलांटी सगळीकडे चिकटवलेली असते. शेवटी ळ पाहावा. हळदीच्या गावात ळ वाईट असलेला फाँट काय कामाचा?

मोफत मिळणाऱ्या फाँटपैकी या कामासाठी प्रथम रोझा वन पाहावा. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या फाँटमध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या आहेत, जाड-बारीक फरक अतिशय तीव्र आहे आणि रोमन बाजू सरळ फॅट फेसच्या वळणाची आहे. हळदीच्या खोक्यासाठी माझी पहिली पसंती त्यालाच राहील. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा जैनी हा फाँट कल्पसूत्राच्या जैन हस्तलिखितांतील वळणावर बेतलेला आहे. देवस्थान, उत्सव, संगीतसभा यांना तो शोभतो, पण मोबाइलच्या दुकानावर तो वेषांतर केल्यासारखा दिसेल. यात्रा वन हा मुंबईच्या लोकल गाड्यांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला आहे आणि त्याचा रोमन भागही देवनागरी लेखणीच्या कलाने काढला आहे, त्यामुळे दोन लिप्यांची पाटी एकसंध दिसते. केवळ रोमन हवे असल्यास प्लेफेअर डिस्प्ले आणि आब्रिल फॅटफेस पुरेसे आहेत. सिंझेल रोमन शिलालेखांच्या वळणाचा आहे. त्यात लहान लिपीच्या जागी बुटकी कॅपिटल अक्षरे येतात, हे ध्यानात ठेवावे.

अंक वेगळे पाहावेत. प्लेफेअर डिस्प्लेमध्ये अंक मुळातच जुन्या धाटणीचे, म्हणजे काही ओळीच्या खाली उतरणारे आणि काही बुटके असतात. कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर ते देखणे दिसतात. फोन नंबर आणि किंमत त्यात लिहिली, की अंक नाचल्यासारखे वाटतात. त्याच फाँटमध्ये एका उंचीचे अंकही आहेत, ते सॉफ्टवेअरमधील ओपनटाइपच्या, म्हणजे फाँटमधील जादा सोयींच्या, पर्यायांतून 'लायनिंग' निवडून चालू करावे लागतात. रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले, म्हणून त्याआधीच्या फाँटमध्ये ते सापडण्याची अपेक्षा करू नये. अशा वेळी किंमत सरळ मजकुराच्या फाँटमध्ये लिहावी.

तिसरी पायरी: सोबतीचा फाँट

नक्षीदार अक्षराशेजारी दुसरे नक्षीदार अक्षर ठेवू नये. सोबतीला मुक्तासारखा साधा, एकसारख्या जाडीचा फाँट किंवा थोडे पुस्तकी वळण हवे असल्यास टिरो देवनागरी मराठी घ्यावा. या दुसऱ्या फाँटमध्ये मराठी वळणे मूळचीच असल्यामुळे भाषा निवडण्याची कटकटही उरत नाही. आकारातला फरकही ठळक हवा. नाव छत्तीस पॉइंट (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप) आणि खालची ओळ अठ्ठावीस पॉइंट असे ठेवले तर दोन्ही मिळून काहीच सांगत नाहीत. खालची ओळ बारा-चौदावर आणावी.

देवनागरी आणि रोमन एकत्र असतील तेव्हा दोन्हीचा पॉइंट साइज सारखा ठेवला म्हणजे दोन्ही सारखी दिसतील, असे समजू नये. शिरोरेषेपासून पायापर्यंतची देवनागरी अक्षराची उंची रोमन कॅपिटलच्या उंचीशी डोळ्याने जुळवावी आणि आकडे काय येतात ते येऊ द्यावेत.

चौथी पायरी: छपाईची पद्धत आणि बारीक रेषा

या अक्षरांचा जीव त्यांच्या बारीक रेषेत असतो आणि छपाईत प्रथम तीच मरते. म्हणून आकार ठरवताना अक्षराची उंची मोजून भागत नाही, त्यातील सर्वांत बारीक रेषा मोजावी लागते. समजा, एखाद्या फाँटची बारीक रेषा पॉइंट साइजच्या दोन टक्के आहे. बारा पॉइंटला ती सुमारे पाव पॉइंट होईल, चोवीसला अर्धा आणि अठ्ठेचाळीसला जवळपास एक पॉइंट, म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर. चांगल्या आर्ट पेपरवर ऑफसेटने पाव पॉइंटची काळी रेषा निभावते. गडद रंगावर पांढरे अक्षर, म्हणजे रिव्हर्स असेल तर शाई दोन्ही बाजूंनी आत सरकते, म्हणून तेथे अर्धा पॉइंट हा किमान हिशेब ठेवावा. स्क्रीन प्रिंटिंगने कापडी पिशवीवर किंवा पोत्यावर छापायचे असेल तर एक पॉइंटपेक्षा बारीक रेषेवर विसंबू नये. म्हणजे हाच फाँट खोक्यावर बारा पॉइंटपासून, रिव्हर्समध्ये चोवीसपासून आणि पिशवीवर अठ्ठेचाळीसपासून पुढेच वापरता येतो.

रिव्हर्समधील अक्षर चार रंगांच्या मिश्रणातून सोडवलेले असेल तर आणखी एक अडचण येते. चारही प्लेट केसभर जरी हलल्या, तरी बारीक रेषेत दुसरा रंग शिरतो. हळदीच्या खोक्यावर पिवळ्या पार्श्वभूमीवर एकाच गडद रंगाचे अक्षर छापले तर हा प्रश्नच उद्भवत नाही. गडद तपकिरी रंग हवा असल्यास तो चार रंगांतून न काढता पाचवा स्वतंत्र रंग म्हणून घ्यावा. खर्च थोडा वाढतो, पण अक्षर स्वच्छ येते.

खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील सक्तीचा मजकूर, म्हणजे घटक, निव्वळ वजन, परवाना क्रमांक, तारखा हा नेहमी साध्या फाँटमध्येच असावा. तो इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असणे नियमाने आवश्यक आहे आणि मराठी मजकूर त्यासोबत देता येतो, त्यामुळे जागेचे नियोजन करताना हा भाग आधी मांडून उरलेल्या जागेत नाव बसवावे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव वेष्टनावर घालायचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, एवढे ग्राहकाला छपाईपूर्वी विचारून घेतलेले बरे.

पाचवी पायरी: दुकानाची पाटी

पाटीच्या बाबतीत पहिला प्रश्न कायद्याचा आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरीतील पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरांचा आकार अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. अल्जेरियनमधील दोन फुटी इंग्रजी नाव आणि कोपऱ्यात चार बोटांचे मराठी नाव ही जुनी पद्धत म्हणूनच आता चालत नाही. माझ्या मते ही सक्ती अक्षररचनेच्या दृष्टीनेही उपकारक आहे: नक्षीदार अक्षर मराठी नावाला द्यावे आणि इंग्रजी नाव साध्या अक्षरात खाली लिहावे.

आकारासाठी पाटी रंगवणारे लोक दर दहा फूट अंतराला एक इंच उंची असा ढोबळ हिशेब वापरतात. चाळीस फुटी रस्त्याच्या पलीकडून वाचता यावे असे वाटत असेल तर साध्या अक्षराला चार इंच उंची लागेल. नक्षीदार अक्षरासाठी हाच आकडा दीडपट धरावा, म्हणजे सहा इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून पायापर्यंतची असते. वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा दिली तर एका ओळीला दहा इंच तरी हवेत. 'राजापुरी' या शब्दात खाली उकार आणि वर वेलांटी दोन्ही आहेत, त्यामुळे असे नाव पाटीत बसवताना मधल्या अक्षरांना चेपण्याचा मोह होतो. अक्षर एका बाजूने ताणले किंवा दाबले, की जाड-बारीक रेषांचे ठरवलेले प्रमाण बिघडते. रुंदीत दाबल्यास उभी रेषा बारीक होते, उंचीत दाबल्यास आडवी. जागा कमी असेल तर अरुंद घडणीचा दुसरा फाँट घ्यावा किंवा पाटीवरील फोन नंबर काढावा.

एलईडीची उठावदार अक्षरे करताना बारीक रेषेत दिव्याची पट्टी मावत नाही. तेथे रोझा वन किंवा आब्रिल अजिबात घेऊ नये. कूपर ब्लॅकसारखे सर्वत्र जाड अक्षर घ्यावे.

लग्नपत्रिकेबद्दल थोडक्यात. वधू-वरांची नावे आणि फार तर 'शुभविवाह' एवढेच नक्षीदार अक्षरात ठेवावे. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आप्तेष्टांची नावे साध्या अक्षरात घ्यावीत, कारण ती वाचणारे आजोबा चष्मा शोधत असतात. सोनेरी फॉइल लावायचे असल्यास अक्षराच्या आतील लहान पोकळ्या भरून जातात, तेव्हा छोट्या आकारात ते टाळावे.

सहावी पायरी: संगणकावरील शेवटचे काम

रोमन कॅपिटल अक्षरांमध्ये थोडी मोकळीक दिली की ती खुलतात. हीच युक्ती देवनागरीवर केली तर शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटे पडते. देवनागरीत ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधील जादा अंतर, शून्यच ठेवावे. मोकळीक हवी असल्यास ती शब्दांमध्ये द्यावी.

अक्षराला बाहेरून आउटलाइन दिल्यास जेथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात तेथे आडव्या-उभ्या रेघा उमटतात. फ्लेक्सवर हा दोष सर्रास दिसतो. उपाय सोपा आहे: आधी मजकुराच्या कर्व्ह कराव्यात, म्हणजे अक्षरांचे रेषांच्या आकृतीत रूपांतर करावे, मग सर्व अक्षरे निवडून वेल्ड करावीत, म्हणजे एकसंध जोडावीत, आणि त्यानंतरच आउटलाइन किंवा सावली द्यावी. कोरलड्रॉमध्ये कर्व्हसाठी कंट्रोल आणि क्यू एवढे पुरते; इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स करून पाथफाइंडरमधून युनाइट करावे. सावली हवीच असेल तर ती एकाच दिशेला आणि एकाच रंगाची असावी. अल्जेरियनसारख्या, सावली आधीच अंगात असलेल्या फाँटला वरून आणखी सावली देणे म्हणजे नऊवारीवर शालू नेसण्यासारखे आहे.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये अनेक सुंदर सजावटी वळणे आहेत आणि ती टाकून देण्याचे कारण नाही. फक्त अशा फाइलीतील मजकूर दुसऱ्या संगणकावर, जेथे तो फाँट नाही तेथे, अर्थहीन रोमन अक्षरांसारखा दिसतो. म्हणून छपाईस देण्याची फाइल कर्व्ह केलेली असावी, आणि त्याच कामाची दुसरी, मजकूर बदलता येईल अशी फाइल फाँटच्या नावासह वेगळी जपून ठेवावी. कर्व्ह केल्यानंतर शुद्धलेखनाची चूक सापडली, तर ती दुरुस्त करण्याचा दुसरा मार्ग नसतो.

परवान्याचेही पाहावे. गूगल फाँट्सवरील बहुतेक फाँट एसआयएल ओपन फाँट परवान्याखाली असतात आणि ते वेष्टन, पाटी, जाहिरात यांत विनामूल्य वापरता येतात. फक्त तो फाँट एकटाच उचलून विकता येत नाही. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असे लिहिलेले सजावटी फाँट मात्र हळदीच्या खोक्यावर वापरू नयेत, कारण तो व्यापारी वापर होतो.

प्रूफ नेहमी खऱ्या आकारात आणि शक्यतो खऱ्या कागदावर काढावे. खोक्याचे प्रूफ हातभर अंतरावर धरून वाचावे, पाटीचे कागदी नमुने जोडून समोरच्या फुटपाथवरून वाचावेत, आणि ज्याने ते नाव आधी कधी ऐकलेले नाही अशा माणसाकडून ते एकदा मोठ्याने वाचून घ्यावे. तो अडखळला तर फाँट बदलावा, ग्राहकाला कितीही आवडलेला असला तरी.